सोडलेलं सीताफळ

बुधवार, अंबरपेठ

दादाने सीताफळं आणली. आईने नेहमीसारखं ताट दूर सरकवलं. "नक्को. मला चालत नाही." देवीपुढे सोडलेलं, पण का, ते तिला आठवेना. मी फणकारले, "तुझी देवीसुद्धा विसरली असेल!" फार शहाणी ना मी.

मावशी म्हणाली, "अगं, हिला मूल होईपर्यंत सीताफळ सोडलं होतंस ना देवीपुढे?"

माझी लेक समोरच सीताफळाच्या बिया थुंकत होती. नववीत आहे ती!

म्हणजे देवीने कधीच दिलं. मी सगळं श्रेय डॉक्टरांना देऊन मोकळी. देवीला साधा नमस्कार नाही, आणि विसराळू म्हणे ती! लाज नाही मला.

मी सीताफळ फोडून आईपुढे धरलं.

"आधी देवीपुढे ठेव," आई म्हणाली. "तीही थांबली असेल माझ्यासाठी."