बॉबिनचा ‘बस’

प्रिय शालू,

मी तुला पत्र लिहितोय हे कळतं तर तू म्हणाली असतीस, ‘समोर होते तेव्हा कधी धड बोललात?’ खरं आहे. पण आज आपली नीता पहिल्या बाळंतपणाला घरी आली, आणि फाटकाशी जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

खारबावला भावाकडे गेलीस आणि पदराखाली कुत्र्याचं पिल्लू घेऊन आलीस. रिकाम्या बॉबिनसारखं स्वतःभोवती गरगरतं म्हणून नाव ठेवलंस बॉबिन. आणि दोन महिन्यांत तूच निघून गेलीस. असं कुणी करतं का गं?

तुझा बॉबिन आता माझ्या गुडघ्याच्या वर आलाय. माणूस दिसलं की पुढचे पाय थेट छातीवर! दूधवाल्याला त्यानं किटलीसकट आडवं केलं. ते विहीणबाईंच्या कानावर गेलं. जावयाकरवी निरोप आला: कुत्रं घरात असेल तर सून पाठवणार नाही. पोटुशी पोर, एक धक्का लागला तर? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तू शेवटचं म्हणून घरात काही आणलंस ते हेच. ते परत सोडून येऊ? की आईविना लेकीला माहेराविनाही ठेवू?

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. विजेच्या मोटारींचं वाइंडिंग मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. जळकी मोटार उलगडायची, तार कशी गेलीय ते पाहायचं, तशीच पुन्हा भरायची. गल्लीतले निम्मे कापडाचे लूम माझ्या हातच्या मोटारींवर चालतात, तिथं एका कुत्र्याला वळण लावायचं ते काय? त्यानं उडी मारली की पाठ फिरवायची. चारही पाय जमिनीवर आले की कुरवाळायचं. शब्द एकच, ‘बस’, आणि सूरही रोज तोच. तर हा शहाणा ‘बस’ ऐकून आणखी उंच उडायचा! कुत्रं मठ्ठ आहे, असं मी ठरवून टाकलं. तू असतीस तर विचारलं असतंस, ‘नक्की कुत्रंच ना?’

मग एका सकाळी दुकानातून सहज समोर पाहिलं. शेजारच्या कारखान्यातले इस्माईलभाई शिफ्ट संपवून निघाले होते आणि बॉबिन त्यांच्या अंगावर. दोन्ही हातांनी त्याचे कान चोळत ते हसत होते, ‘बस, बस, अरे बस, बेटा!’ मागून येणारे बाकीचेही तेच.

मी पक्कड खाली ठेवली. त्यांचा बस म्हणजे पुरे. माझा बस म्हणजे खाली बैस. आणि बॉबिनच्या लेखी बस म्हणजे लाड! दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. त्यात मोटारीचा काय दोष?

इस्माईलभाईंना सांगितलं तर ते हसता हसता पायरीवरच बसले. म्हणाले, ‘मिस्त्री, तुम बैठाओ, हम रोकें, और वो समझे प्यार! कोई नया लफ़्ज़ दो, हम भी वही बोलेंगे.’

गल्लीत दुसऱ्या कुणाच्या तोंडी नाही असा शब्द हवा होता. तो शोधावा लागला नाही. माझा आवाज चढला की तू स्वयंपाकघरातून म्हणायचीस, ‘दमानं.’ शेवटचा सूर खाली सोडून. आठवतं?

इस्माईलभाई हाताची घडी घालून, पाठ फिरवून ‘दमाने, दमाने’ म्हणू लागले. बाकीच्यांनाही त्यांनी तंबी दिली. बॉबिन सुधारत चालला. माझा सूर मात्र तुझ्यासारखा खाली सुटेना, त्यामुळे मी म्हटलं की तो कधी ऐकायचा, कधी नाही. तरी विहीणबाईंना कळवलं, एकदा येऊन बघा, मग ठरवा.

आज रिक्षा थांबली. आधी विहीणबाई उतरल्या, मग नीता, एक हात कमरेवर. फाटकाची कडी मी लावली होती. बॉबिननं ती नाकानं उचलली आणि सुटला. मी मागे धावलो, शालू, पण तो केव्हाच पुढे.

‘दमानं रे,’ नीता म्हणाली.

मी तिला हा शब्द कळवलाच नव्हता! पण सूर अगदी तुझा, तस्साच खाली सोडलेला. बॉबिन तिच्या पायांशी येऊन थांबला, बसला आणि शेपटीनं धूळ झाडत राहिला. विहीणबाईंनी त्याला वरून खाली न्याहाळलं. मग म्हणाल्या, ‘आमच्या घरात माणसंसुद्धा एवढं ऐकत नाहीत. राहू द्या त्याला.’ मी कडी तपासायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

बाळ येईल, रडेल, रांगेल, बॉबिनची शेपटी ओढेल. तेव्हा मी आवाज चढवणार नाही, हा माझा शब्द. ‘दमानं’ म्हणेन, बाळालाही आणि स्वतःलाही. तो सूर नीताकडून रोज घोटून घेईन. कुणाच्या हाताखाली शिकायची ही माझी पहिलीच वेळ आहे, जमेल ना?

तुझा,
‘अहो’