माझ्या नावाने केलेले फोन

७ डिसेंबर, रविवार

बेन्नी अंकलचा ठाण्याहून फोन. शिबिर नक्की! आपल्या ज्यू युवक संघाचं हिवाळी शिबिर पहिल्यांदाच इकडे, चोरखमाऱ्याच्या तलावाजवळच्या शाळेत. २४ ते २८. बत्तीस जण. जागा मी शोधली, हेडमास्तरांकडे चार चकरा मी मारल्या, तारखाही माझ्याच.

त्याच तारखा का, ते फक्त मला माहीत. २४ ला आपल्या तेबेथ महिन्याची चौथी, आजोबांची बरसी. बापासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायची तर दहा पुरुष लागतात. गोंदिया जिल्ह्यात आम्ही ज्यू म्हणजे पप्पा, ममी आणि मी. त्या दहांत धरता येतील असे एकटे पप्पा. अकरा वर्षं ते नुसता दिवा लावतात आणि मनातल्या मनात काहीतरी पुटपुटतात. यंदा २४ ला संध्याकाळी सातला, मुलं पोचली की, मी त्यांच्या शेजारी नऊ जण उभे करणार. पप्पांना अजून सांगितलेलं नाही.

दुसरं. जेरुसलेमच्या दहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला संघातून एकच नाव जाणार. बे. अं. म्हणाले, शिबिर बघून ठरवू. शिबिर तर माझंच आहे.

ता. क. मदतीला म्हणून ठाण्याची शेरॉन येतेय, दोन आठवडे आधीच. आमच्याच घरी राहणार. कशाला?

९ डिसेंबर, मंगळवार

आली. यापुढे शे. लिहीन, सबंध नाव लिहायला हात धजत नाही.

स्टेशनवर उतरल्या उतरल्या ममीच्या गळ्यात पडली. रिक्षावाल्याशी हिंदी, ममीशी मराठी, फोनवर हिब्रू. आणि हिब्रू माझ्यापेक्षा चांगली, हे मान्य करायला पाहिजे. करते मान्य.

आमच्या गावात, मुर्रीत, शिरताना म्हणाली, "किती मोकळं आहे गं!" इथले लोक आम्हाला वीस वर्षं ख्रिश्चन समजतात, ते तिला कोण सांगणार.

रात्री जेवताना सरळ म्हणाली, "मला पण जेरुसलेमला जायचंय, एस्तू. खूप." एवढं उघड कोण बोलतं? मी तिला आणखी एक पोळी वाढली.

१२ डिसेंबर, शुक्रवार (दिवे लावायच्या आधी, घाईत)

शे. ने शब्बाथसाठी पाव केले, वेणी घातलेले. आमच्याकडे ओव्हन नाही, तर शेजारच्या शेंडे काकूंकडे जाऊन कुकरात भाजून आणले. काकू खूश. शिबिराचा स्वयंपाक काकूच करणार आहेत, सगळं शाकाहारी, म्हणजे मांस आणि दूध वेगळं ठेवायची कटकट नाही. ही व्यवस्थाही मीच केली, पण आता काकू मेनू शे. ला विचारतात!

पप्पा भाताच्या मिलमधून आले, पावाकडे बघून म्हणाले, "वा बेटा." बेटा मला म्हणतात ते.

१४ डिसेंबर, रविवार

आमच्या दिव्यांच्या सणाचा, हनुक्काचा पहिला दिवा. शे. ने गल्लीतली सगळी पोरं गोळा केली, गाणं शिकवलं, ओसरीत नाच. पाच दिवसांत "काऊन", "कायले" अशी इथली बोली शिकली. मी इथे जन्मून ते बोलायला लाजत आले.

शेंडे काकू माझ्याजवळ येऊन बसल्या.
"काऊन व, तोंड काऊन पाडून बसली?"
"काही नाही."
"थे पोरगी बम हुशार आहे व."
काकूंना मी २४ चा बेत सांगितला. कुणाला तरी सांगायचंच होतं. दहा पुरुषांचं ऐकून म्हणाल्या, "आमच्या विहारात चार बाया जमल्या का वंदना सुरू. तुमच्यात बाया कायले नाही चालत?" म्हटलं, नाही चालत. "मंग तू एवढी कायले धावून राहिली?" पप्पांसाठी, म्हटलं.

शे. मागे उभी होती. ऐकलं तिने. झालं.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज लिहायचं नव्हतं.

शे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे उभी. "एस्तू, ममीने दिवा २३ वर काढलाय. २४ वर नाही."

बघितलं. ममी दरवर्षी बरसीच्या चौकोनात पेन्सिलीने छोटा दिवा काढते. २३ ला. अर्थातच २३ ला! आपला ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. चौथी २३ च्या संध्याकाळी लागते आणि २४ च्या संध्याकाळी संपते. मुलांची गाडी २४ ला सहा वाजता. तेव्हा अंधार पडलेला असणार, पाचवी लागलेली असणार. मी मोबाइलवर तारीख बघितली, २४ दिसली, विषय संपला. दर शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावणारी मी. लहान पोरालाही कळतं हे. आणि अकरा वर्षं पप्पा नक्की कुठल्या संध्याकाळी दिवा लावतात, ते माझ्या लक्षात नाही. तिच्या एका आठवड्यात आलं.

शे. म्हणाली, "अजून सात दिवस आहेत. मोठी मुलं एक दिवस आधी आली तर?"
मी म्हणाले, "राहू दे. तिकिटं मिळणार नाहीत."

तिकिटांचं कारण नव्हतं. चूक तिने काढली म्हणून. तिने काढलेल्या चुकीवर तिचाच उपाय, नको. पप्पांची कद्दिश बुडाली तर बुडू दे, असं एक मिनिट खरंच वाटलं. एक मिनिटापेक्षा जास्तच.

१८ डिसेंबर, गुरुवार

शे. दिवसभर गच्चीवर फोनवर. मी वर गेले की आवाज खाली. एकदा स्पष्ट ऐकलं, "हो, एस्तेरच." म्हणजे बे. अं. ना माझी चूक सांगतेय. सांग बाई. घे जेरुसलेम.

दुपारी आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजारात गेले, शिबिराच्या भाज्या ठरवायला. एकटी. तिला बोलावलं नाही. वांगी बघता बघता डोळ्यांत पाणी, भाजीवाली म्हणे, "मिरची लागली का व?"

२३ डिसेंबर, मंगळवार

साडेपाचला दारात नऊ जण. पाठीवर बॅगा, कालच्या गाडीत बसून आलेले. आठ ठाण्याचे, सगळे तेरा वर्षांवरचे, म्हणजे दहांत धरता येणारे, आणि नागपूरला चढलेले एक म्हातारे अंकल.

पप्पा नुकतेच मिलमधून आलेले, केसांत भाताच्या कोंड्याची धूळ. त्यांना वाटलं शिबिराची मुलं चुकून लवकर आली. "चहा ठेव," म्हणाले. मग म्हाताऱ्या अंकलनी डोक्यावर टोपी घातली आणि विचारलं, "वडिलांचं नाव काय तुमच्या?"

पप्पांना कळलं. तोंड धुवायला आत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात. शेंडे काकू सुद्धा, डोक्यावर पदर घेऊन. पप्पांची कद्दिश मी पहिल्यांदा मोठ्याने ऐकली. पहिल्याच ओळीला अडकले. मग नऊ जणांनी एकदम "आमेन" म्हटलं, आणि पुढे अडकले नाहीत.

नंतर पप्पांनी मला जवळ ओढलं. "एस्तू, ही मुलं म्हणतात तू घरोघर फोन करवलेस. प्रत्येकाच्या आईला गळ घातलीस." त्यांच्या खांद्यावरून मला शे. दिसत होती. कप गोळा करत होती. मी चहाचं भांडं उचलून आत गेले.

२४ डिसेंबर, बुधवार

बाकीचे आले. बसमधून चोरखमाऱ्याकडे जाताना शे. शेजारीच बसली. मी विचारलं, माझ्या नावाने का केलंस?

"माझ्या नावाने कोण आलं असतं? वडील तुझे आहेत."

एवढंच. वर मला शेंगदाणे दिले. मी खाल्ले.

२८ डिसेंबर, रविवार

शिबिर संपलं. छान झालं. गटकाम, तलावाच्या कडेची रोपं, शेवटच्या संध्याकाळी गावातल्या पोरांसोबत गोल नाच. काकूंच्या वरणाला बत्तीस जणांनी टाळ्या वाजवल्या. शे. चा गट सगळ्यात पुढे होता. माझा बरा होता. खोटं कशाला लिहू.

निघताना बे. अं. बाजूला घेऊन म्हणाले, "नऊ घरं एका दिवसात हलवणं सोपं नाही. वडिलांसाठी आपल्या लोकांना असं उभं करते, तिलाच पाठवायला हवं. तुझं नाव देतोय." आधी आनंद झाला, मग बाकीचं आठवलं.

शे. ला त्यांनी गाडीत सांगितलं असेल. खिडकीतून हात हलवत होती.

३० डिसेंबर, मंगळवार

बे. अं. चा मेसेज: "समितीसाठी चार ओळी लिही. मुलांना एक दिवस आधी आणायचं तुला कसं सुचलं. उद्या सकाळी फोन करतो."

पप्पांनी मिलमध्ये सगळ्यांना सांगितलंय. मालकांनी पेढे मागवले. ममी स्वेटर काढून बसलीय, तिकडे थंडी असते म्हणून.

दुपारी शे. ला लिहिलं, "मी खरं सांगू का त्यांना?" तासाभराने उत्तर: "मी तुझ्या पप्पांसाठी केलं होतं. तुझ्यासाठी नाही, जेरुसलेमसाठी पण नाही. तुझं तू बघ."

रागावली असती तर बरं झालं असतं. भांडली असती, माझी जागा म्हणाली असती, तर मी ती हक्काने ओढून घेतली असती. आता खरं लिहिलं तर ती जाणार आणि वर मोठीही ठरणार. नाही लिहिलं तर मी जाणार, आणि दहा महिने तिने दिलेलं खात राहणार.

पप्पा आत्ता विचारून गेले, "लिहिलंस का गं? मला वाचून दाखव." कागद कोराच आहे, हे त्यांना दिसलं नाही. म्हटलं, दाखवते. ते बाहेर खुर्ची टाकून बसलेत.