आश्रितांची संख्या: एक

३ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र आलं! जेवणाच्या सुट्टीत उघडलं, हाताला साच्याचं प्लास्टर तसंच लागलेलं. समुद्रापलीकडचं मोठं हॉस्पिटल — कृत्रिम पाय बनवायच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांना मी हवीय. पगाराचा आकडा तीनदा वाचला. एखादं शून्य चुकून जास्त पडलं असेल असंच वाटत राहिलं.

तिथल्या तिथे 'हो' कळवणार होते. मग म्हटलं, आधी घरी दाखवू.

बाबांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. केबलच्या कारखान्यात तीस वर्षं युनियनचे चिटणीस होते. करारासारखा कागद दिसला की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो. म्हणाले, "पगाराचं सोड. हे बघ — तीन वर्षांच्या आत सोडलंस तर सगळा खर्च परत करायचा. घरभाडं एकच महिना. तिकीट जायचं आहे, यायचं नाही. असल्या कागदावर मी कुणाला सही करू दिली नसती."

"बाबा, नोकरी देतायत ते मला. संपावर नाही जायचंय."

"मग नीट बोलून तरी बघ. मागितल्याशिवाय कोण देतंय?"

एक्केचाळीस वर्षांची आहे मी. बारा वर्षांत एकदाही पगारवाढ मागितलेली नाही. हे त्यांना माहीत नाही, असं मला आजपर्यंत वाटत होतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज त्यांच्या ऑफिसातल्या बाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. गळ्यात मोत्यांची माळ, आवाज लोण्यासारखा. मोतीबाईच म्हणते मी आता त्यांना.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. बाबा पलीकडे, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे, स्टुलावर. बोलणं त्यांना निम्मंच कळत होतं, पण चेहऱ्यांवरून सगळं कळत होतं म्हणे.

सहा महिन्यांचं घरभाडं मागितलं. मोतीबाई म्हणाल्या, आमच्या धोरणात बसत नाही. माझ्या तोंडून 'काही हरकत नाही' निघणार, तेवढ्यात टेबलाखाली बाबांनी पायावर पाय दिला. चांगला जोरात. मी गप्प. मोतीबाई गप्प. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो सुद्धा ऐकू येत होता.

मग त्याच म्हणाल्या, "तीन महिने बघता येतील." शेवटी चारवर ठरलं. वर्षातून एकदा जायचं-यायचं तिकीट, तेही.

फोन बंद झाल्यावर बाबा इतके हसले की ठसका लागला. चहा त्यांनीच केला. निम्मा ओट्यावर सांडला.

८ फेब्रुवारी, रविवार

माळा आवरायला घेतला आणि दिवस त्यातच गेला. जुनी हँडबिलं सापडली, गुलाबी कागदाची. ह्याच कागदांवर मी जोडाक्षरं वाचायला शिकले.

कराराची बोलणी सुरू झाली की बाबा तीन तीन दिवस घरी यायचे नाहीत. आई मला डबा घेऊन कारखान्याच्या फाटकावर पाठवायची. बाजूला युनियनची खोली — शाईचा वास, ओल धरलेली भिंत, एक पाय लुळा पडलेला बाक. मी त्याच्या धड टोकाला बसायचे. बाबा आतून बाहेर यायचे त्याआधी खिशातला कंगवा काढून केस विंचरायचे. जिंकले असोत की हरले असोत. बाहेर उभी असलेली दोनशे माणसं त्यांचा चेहरा वाचायला बघायची, आणि काही म्हणता काही कळायचं नाही.

घरी आल्यावर आई एवढंच विचारायची, "जेवलात?"

एकदा पाच महिने कारखाना बंद होता. आई गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. संध्याकाळी पुढच्या खोलीत पाढ्यांचा एकच कालवा, आणि ती बोलता बोलता दाराकडे बघायची. तेव्हा मला वाटायचं, मुलं मोजतेय.

तिला जाऊन सहा वर्षं झाली. ह्या घरात आम्हाला एकतीस. तिचं कपाट आजही उघडलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

घोडं पेंड खातंय ते इथे. सोबत कुणाला नेता येईल? — नवरा आणि मुलं. मला ह्यातलं एकही नाही. बाबांचं विचारलं तर उत्तर, "आई-वडील आमच्या व्याख्येत नाहीत."

कामावरूनच फोन लावला. सामानाच्या खोलीत, फळीवर ओळीने ठेवलेल्या पायांच्या समोर उभी राहून. आज समोर बाबा नव्हते. म्हटलं, मग मी येऊ शकणार नाही. मोतीबाई म्हणाल्या, "इतकं सगळं दिलंय, एवढ्या एका गोष्टीवर अडू नका." मी म्हटलं, "दिलेलं परत घ्या. घरभाडं नको, तिकीट नको. हे द्या." माझाच आवाज मला ओळखू येईना.

रात्री जेवताना सांगितलं. बाबांचा घास हातात राहिला. "मिळवलेलं परत देतात का कधी?" एवढंच. येण्याबद्दल हो नाही, ना नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही नाही. ट्रक चालवणारे आजोबा नवीन पाय लावून बघायला आले होते. दांडीला न धरता सहा पावलं चालले. म्हणाले, "बाई, आता लावा माझ्याशी शर्यत." मी हसले, आणि त्यांची पुढची तारीख नोंदवायला घेतली. तेव्हा मी इथे असेन की नाही?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मान्य! कलम अकरा, माझ्यासाठी नवीन घातलेलं. वडिलांचे कागदपत्र, औषधपाण्याचा विमा, त्यांना आणायची मुदत दोन वर्षं. बदल्यात घरभाडं दोन महिन्यांवर आलं. येऊ दे.

भरायचा फॉर्मही आला. आश्रितांची संख्या: एक. त्या परक्या शब्दाचा अर्थ बाबांनी विचारला. मीही वेड्यासारखा सरळ सांगून टाकला.

"आश्रित," असं हळूच म्हणाले. चष्मा काढून मिटला. मग चपला घालून नटकाकांकडे गेले. नटकाका म्हणजे त्यांच्या खात्यातले फिटर, चाळीस वर्षांचे सोबती. यायला खूप उशीर केला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

"मी येत नाहीये."

सकाळी, दाढी करता करता, आरशात बघून म्हणाले. माझ्याकडे बघून नाही.

"त्या शब्दामुळे?"

"नाही गं. पहिल्या दिवसापासूनच नव्हतो येणार."

"मग मला एवढं भांडायला का लावलंत?"

"स्वतःसाठी तू भांडली असतीस? कुणाचं तरी निमित्त लागतं तुला. मी झालो."

"म्हणजे मला खेळवलंत."

"हो," म्हणाले. एवढं शांतपणे.

तोंड पुसून ते खुर्चीत बसले. "इथे पेन्शनच्या कागदासाठी अजून चार माणसं मला शोधत येतात. तिथे मी काय करणार? तू कामावर जाणार, आणि मी दिवसभर घरात बसून तुझी वाट बघणार. तुझ्या आईने माझी तीस वर्षं बघितली. तिच्यात ती ताकद होती. माझ्यात नाही."

आईचं नाव ते कधी काढत नाहीत. मी उठून भांडी घासायला लागले. धुतलेलीच होती.

२ मार्च, सोमवार

सही केली. कलम अकरा खोडलं नाही. बाबांनी पाहिलं. कागद टपालात टाकायला निघताना आईच्या कपाटापुढे जरा वेळ उभी राहिले. मग न उघडताच निघाले.

१९ जून, शुक्रवार

समुद्रापलीकडच्या ह्या खोलीत आज पहिल्यांदा वही उघडतेय. दुपारी बाबांचा फोन. घर सोडलं म्हणाले! काल मालकाला किल्ली दिली. पलंग, भांडी, आईचं कपाट — सगळं वाटून टाकलं. दोन पिशव्या घेऊन नटकाकांकडे आहेत. "तू गेल्यापासून संध्याकाळ झाली की दाराकडेच कान जातो. वाट बघायचीच आहे तर तिथे बघतो. तिथे निदान तू येशील तरी."

मी हो म्हटलं. त्यांचं पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलं.

तेव्हापासून आठवून बघतेय, स्वयंपाकघराच्या खिडकीला गज किती होते. सहा की सात. आता मोजायला कुठे जाणार?