टाच टेकवायची नाही

३ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझी विचारपूस दोन ओळींत आणि तुझ्या मोतीबिंदूची हकीगत दोन पानांत, म्हणजे तू ठणठणीत आहेस.

टाचेचं ऑपरेशन होऊन घरी आलो. साखरेमुळे ती जखम भरायचं नाव घेत नव्हती, शेवटी डॉक्टरांनी आतलं खराब झालेलं सगळं कापून काढलं. पथ्य एकच, टाच जमिनीला टेकवायची नाही. जन्मभर बसचा ब्रेक दाबलेला पाय आता उशीवर बसून पाहुणचार घेतोय.

लेक जहाजावर, उन्हाळा सरेपर्यंत यायचा नाही. सगळा भार सूनबाईवर. सकाळी ड्रेसिंग करते, तेही चष्म्यात काच बसवावी तसा श्वास रोखून. मग चष्म्यांच्या दुकानात कामाला जाते, दुपारच्या सुट्टीत धावत येऊन मला वाढते आणि पुन्हा धावत जाते. तू काळजी करू नकोस, नाहीतरी तुला ती नीट जमत नाही.

तुझा,
धाकटू

२१ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

जखम पुन्हा उघडली. डॉक्टरांनी ड्रेसिंग कोण करतं म्हणून विचारलं आणि सूनबाईला चांगलंच फैलावर घेतलं. पट्टी घट्ट बांधता का, हात धुता का, असंच चाललं तर आणखी कापावं लागेल, असं बरंच काही. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाली की महिनाअखेरीला दुकान सोडते, दिवसभर घरी थांबते. भिंगं घासायचं काम ती किती हौसेने शिकली, ते तुला ठाऊक आहे.

अक्का, तिचं ड्रेसिंग उत्तम आहे. मी चालतो.

रोज दुपारी ती विचारते, बाबा, भांडं देऊ का. मी नको म्हणतो. ती गेली की भिंत धरून, टाच टेकवत संडासापर्यंत जातो. सून मला लेकीसारखी आहे असं चारचौघांत मीच सांगतो, पण तिच्या हातून बेडपॅन घ्यायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. डॉक्टर तिला बोलत होते तेव्हा एक शब्द बोललो असतो तर मिटलं असतं. नाही बोललो. आता तर कुठल्या तोंडाने सांगू?

लोभ असू दे, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत.

तुझा,
धाकटू

२६ मार्च

चि. धाकटूस,
अनेक आशीर्वाद, मनात नसताना.

लहानपणी मी आंघोळ घालायला आले की दाराला आतून कडी लावून बसायचास. सत्तरी आली तरी तू अजून कडी लावूनच बसला आहेस. तुझे भावोजी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनीही हाच खेळ मांडला होता, मला उठवायला नको म्हणून पाणी पिणंच सोडलं. तेव्हा मी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पोस्टमन भला माणूस आहे.

लाज तुझी आणि बोलणी तिने खायची, हे कुठलं रे? मी तिला काही कळवणार नाही. तूच सांग, आणि तिने दुकानात सोडते म्हणून सांगण्याआधी सांग.

लोभाचं नंतर बघू.

तुझी,
अक्का

८ एप्रिल

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

बाबांनी मला सगळं सांगितलं. तेही ड्रेसिंग चालू असताना, म्हणजे मला उठून जाता येईना. मी पट्टी पुरी केली आणि दुकानात गेले. त्या दुपारी घरी आलेच नाही, शेजारच्या काकूंकडून जेवण पोचवलं. ते चालत होते याचं मला एवढं लागलं नाही. पण मी रोज स्वतःचे हात बघत बसायचे, नखं पार मुळापर्यंत कापली होती, आणि बाबा ते बघत होते.

राग ओसरल्यावर मात्र दुसरंच काही खुपायला लागलं. खोटं कशाला बोलू, भांडं हवं का हे मी चपला पायात ठेवून दारातूनच विचारायचे. त्यांनी नको म्हटलं की मला हायसं वाटायचं. ते माझ्या आवाजात त्यांना ऐकू येत असणारच.

दुकान सोडलेलं नाही. आता मी विचारत नाही, आत जाते. बाबा खिडकीकडे तोंड करून रस्त्यावरच्या बस ड्रायव्हरांना नावं ठेवतात आणि मी हो ना, हो ना करते. दोघंही घामाघूम होतो, पण निभावतं.

काल दाखवून आलो. कडेने लाल मांस धरू लागलंय, पण पुन्हा कापावं लागणार नाही असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. बाबांनी आपण होऊन चालल्याचं कबूल केलं. तेव्हा डॉक्टर त्यांच्यावर चिडले आणि म्हणाले, भांडं द्यायला घरात कोणी नव्हतं का. बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं की होते, पण दारात.

बाबांनी तुमचं पत्र वाचायला दिल्यापासून तुमच्या लोभाची जरा भीतीच वाटते, तरी तो असावा.

आपली,
सूनबाई