पोतंभर पिठाचं आडनाव

प्रिय नॉर्मन,

बेटावरच्या तुझ्या थोरल्या चुलतभावाकडून, वाऱ्याने वाटेत उडवले नाहीत तेवढे सगळे आशीर्वाद.

ग्लासगोला तुम्ही सगळे ठीक असाल. कॅटरीनाचा गुडघा कसा आहे? आणि तुझं ते नवं गोंदण? (मॅकेरन कुळाचं चिन्ह, ढाल-तलवारीसकट, अख्ख्या दंडावर! या वयात माणसं दंडाला तेल लावतात.) सूज उतरली असेल तर बरंच, कारण पुढचं वाचून ती पुन्हा चढायची. इथे मी खुशाल, मेंढ्या खुशाल, आणि तुझी आई, म्हणजे आमची मार्सली काकू, नव्वदीतही शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून सांगते.

एफीचं तुला ठाऊक आहेच. ती विधवा, मी विधुर. एकमेकांच्या घरी चहा पिऊन पिऊन कंटाळलो आणि म्हटलं, आता एकच किटली ठेवू. पण काकूने पाय रोवले. "ती माहेरची मॅकेरन, तू मॅकेरन. एकाच तांबड्या दाढीच्या एरनची पोरं तुम्ही! मी हयात असेतो हे व्हायचं नाही." आता या बेटावर दगड उचलला तरी खालून मॅकेरन निघतो (म्हणून तर आपल्याला गिरणीवाले म्हणतात आणि एफीच्या माहेरच्यांना होडीवाले), मग माणसाने लग्न करायचं कोणाशी, समुद्रातल्या सीलशी? पण आई गेल्यावर मला काकूनेच वाढवलं. तिचा हात डोक्यावर नसताना चर्चची पायरी चढणं माझ्याच्याने होईना.

एवढ्यात कुळमंडळाचे अध्यक्ष टॉर्क्विल यांनी डीएनएचं खूळ काढलं. आपण सगळे त्या एका एरनचे वंशज आहोत हे शास्त्राने सिद्ध करायचं आणि उन्हाळ्याच्या मेळाव्यात अमेरिकेहून येणाऱ्या भाऊबंदांना दिपवून टाकायचं, असा बेत. एकेकाने नळीत थुंकायचं. आता एरवी मी बोलताना समोरच्याला रुमाल लागतो, पण त्या दिवशी तोंडाला कोरड! टॉर्क्विल समोर उभे राहून आंबट लिंबाच्या फोडीचं वर्णन करत होते तेव्हा कुठे नळी भरली. एफीही आली होती. तिला म्हणाले, बापाकडून मुलाकडे जाणारा धागा शोधायचाय, तो बायकांच्या थुंकीत नसतो. "माझ्या थुंकीत काय असतं ते बघायचं असेल तर जरा जवळ या, टॉर्क्विल," एफी म्हणाली. ते मागे सरले आणि तिच्या भावाला, लाखलनला, बोलावलं.

तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. लाखलनचा आणि माझा धागा एकच निघाला, तर काकूच्या शब्दावर शास्त्राचा शिक्का बसणार होता.

शनिवारी निकाल आला. सभागृहात चहा, स्कोनचे गोड पाव आणि स्मशानशांतता. टॉर्क्विलनी मला कोपऱ्यात नेलं, खांद्यावर हात ठेवला. "इयान, मन घट्ट कर."

"सांगून टाका."

"लाखलन अस्सल निघाला. तू आमच्यातला नाहीस रे."

मी त्यांना मिठीच मारली. त्यांना वाटलं, धक्क्याने माझं डोकं फिरलं. त्यांनी माझ्या चहात चार चमचे साखर घातली. मग त्यांनी सगळ्यांना समजावलं, की पूर्वी दुष्काळात कुळाचे प्रमुख माणसं वाढवायला, जो आमचं आडनाव घेईल त्याला ओटच्या पिठाचं एक पोतं देत. निम्मं गाव त्या पोत्यातून निघालं आहे! आपला वाजंत्री अँगसही पोत्यातलाच निघाला; तो बॅगपाइप छातीशी धरून म्हणाला, "म्हणजे जन्मभर मी दुसऱ्याच्याच वरातीत वाजवलं?" सगळे सुतकात आणि मी एकटा नवरदेवासारखा हसतोय. (आयांकडून कोण कोणाचं लागतं, ते विचारू नकोस असं टॉर्क्विलनी बजावलं आहे. मी कशाला विचारतो!)

आता हे काकूला सांगायचा धीर मला नाही. तुझी आई आहे, तूच फोन कर.

तुझा,
इयान

ता. क. वाऱ्यामुळे टपालाची बोट आली नाही, आणि माझ्याही पोटात गोष्ट राहिली नाही. काकूला सांगून टाकलं. काकू विणता विणता म्हणाली, "पोत्याची गोष्ट होय? तुझ्या काकाने लग्नाच्या रात्रीच सांगितली होती." "मग आजवर रक्त रक्त काय चाललं होतं?" तिने सुया खाली ठेवल्या. "तू एफीकडे राहायला गेलास, तर सकाळी माझी चूल कोण पेटवणार?" एफी दारातच होती. म्हणाली, "काकू, मी काय एकट्या इयानला मागायला आले होते? तुम्ही नसाल तर याला आवरणार कोण?" काकूने सुया पुन्हा उचलल्या. मग म्हणाली, "तुझ्याकडे माझी खुर्ची खिडकीशी लागेल." तेव्हा फोन राहू दे; खुर्ची दारातून मावत नाही आणि माझी कंबर गेली आहे, तू व्हॅन घेऊन ये.

ता. क. २. तुझे वडील आणि माझे वडील सख्खे भाऊ, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. गोंदण पुसू नकोस. काकू म्हणते, ढालीशेजारी जागा असेल तर पिठाचं पोतंही गोंदवून घे.