अंदाजाने शिवलेले फ्रॉक

मी, कृपाबाई जोतिराम कसबे, वय ७७, धर्माने ख्रिस्ती, राहणार भवानी पेठ, सोलापूर, माझ्यामागे घोळ नको म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. गुडघे गेले, पण गुडघ्यांनी कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याजोगे घरात एकच माणूस, आमचे हे, आणि त्यांना ते पंचावन्न वर्षांत जमलेले नाही. आत्ता ते समोर खाटेवर बसून "लई लांबड लावू नगंस" असे सांगत आहेत. ह्यांचा जन्म करकंबचा. मलावी देशात एकोणीस वर्षे मिशनचे काम केले तरी बोली तीच राहिली.

१. भवानी पेठेतील दोन खोल्यांचे घर माझ्या वडिलांकडून मला आले आहे. माझ्यामागे ह्यांनी तिथे हयातभर राहावे. ह्यांच्यामागे ते आमची एकुलती एक मुलगी वैजयंती, शिक्षिका, राहणार बार्शी, हिला मिळावे.

ती घेणार नाही. "मला तुमची एक वाटीसुद्धा नको," असे तिने गेल्या नाताळात सांगितले आहे, आणि ती बोलल्यासारखी वागते. तेवढे माझ्यावर गेले आहे. नाताळाला न चुकता येते, करंज्या आणते, खुर्चीच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसते. आत्याला "अगं आत्या" म्हणायची, मला मात्र "तुम्ही". मृत्युपत्राचे कानावर गेले तेव्हा तिचा फोन आला. "मला साक्षीदार करा. साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणे. मग प्रश्नच मिटला." वकील म्हणाले, मुलगी हुशार आहे. आहेच. म्हणूनच तिला साक्षीदार केलेले नाही. तिने घर नाकारले तर ते तिची मुलगी संस्कृती हिला द्यावे.

२. माझी सर्व भांडी शेजारीण शांतम्मा हिला द्यावीत. ती अर्धे तेलुगूत भांडते आणि अर्धे मराठीत, पण माझ्या दुखण्यात तिनेच भाकरी करून घातली. समोरचे सिद्धलिंगप्पा यांनी २००९ साली आमची शिडी नेली. ती शिडी मी त्यांनाच देते. मात्र दिली म्हणून त्यांना कळवावे, आणि चारचौघांत कळवावे.

३. माझ्या थडग्यावर माझे पूर्ण नाव घालावे. आम्ही परत आलो तेव्हा निरोपाच्या मानपत्रावर "मिशनरी जोतिराम कसबे व पत्नी" असे छापले होते. हे तिथे पंप आणि जनित्र सांभाळायचे, रविवारी उपदेश करायचे. मी बायकांचा शिवणवर्ग चालवला, दवाखान्यात रात्रंदिवस बाळंतपणे केली, आणि ह्यांचा उपदेश लांबला की पुढच्या बाकावरून खोकायचे कामही माझेच. पत्नीला नाव होते. हे मान खाली घालून "व्हय" म्हणत आहेत, तेव्हा यावर आणखी लिहीत नाही.

४. माझे पायाचे शिलाई मशीन आणि त्याच्या खणातली मापांची वही मी वैजयंतीला देते. हेही ती नाकारील. म्हणून इथे थोडे लांबड लावावेच लागेल.

१९८२ साली आम्ही निघालो तेव्हा वैजू आठ वर्षांची होती. मलावीतल्या चिसेका गावात तिच्याजोगी शाळा नव्हती. तिला बार्शीला ह्यांच्या बहिणीकडे, बनाबाईंकडे ठेवले. एसटी सुटताना तिने विचारले, "कधी येणार?" आम्ही म्हणालो, लवकर. ते लवकर चार वर्षांनी उजाडले. देवाने आम्हाला बोलावले होते, हे मी आजही म्हणते. पण "पोरीला ठेवून या" असे देव म्हणाल्याचे मला आठवत नाही. ते आम्ही ठरवले.

तिच्या दर वाढदिवसाला मी फ्रॉक शिवून पाठवायची. माप कुठून आणायचे? शिवणवर्गात तिच्याच वयाची एस्नात नावाची मुलगी यायची. मी तिला उभी करून माप घ्यायची, वहीत वर "वैजयंती, वय ९" असे लिहायची आणि फ्रॉक तयार झाला की तिच्याच अंगावर घालून बघायची. आता एस्नात ही तिच्या बापासारखी ताडमाड वाढणारी, आणि आमची पोरगी माझ्यासारखी ठेंगणी. शिवण शिकवणाऱ्या बाईच्या हे ध्यानात येऊ नये! बनाबाई बिचाऱ्या "पुढच्या वर्षी होईल" म्हणून फ्रॉक ट्रंकेत ठेवायच्या, आणि पुढच्या वर्षी आणखी मोठा यायचा. वैजूला वाटले, आईला आपली उंचीसुद्धा ठाऊक नाही. खरेच होते ते.

मग मिशनच्या मासिकात एक फोटो आला. एस्नातच्या अंगात पिवळा फ्रॉक, माझा हात तिच्या खांद्यावर, खाली छापलेले, "आईची माया". महिन्याभराने तोच फ्रॉक पार्सलने बार्शीला पोचला. अकरा वर्षांच्या पोरीने काय समजायचे? त्या पोरीचा वापरून झालेला फ्रॉक आईने आपल्याला धाडला. वैजू, मी तिचा खांदा धरला होता तो बाहीची शिवण बघायला. "फोटू मीच काढला हुता, ते बी लिव्ह की," असे हे म्हणतात. लिहिले.

एस्नातवर माझी माया नव्हती असे मात्र मी लिहिणार नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये. होती. माझे हात रिकामे होते, आणि ती समोर होती. पण वहीत तिचे नाव एकाही पानावर नाही. आठ पाने आहेत, आठांवर तुझे.

१९८६ साली रजेवर आले आणि तिचे माप घ्यायला टेप काढली, तर वैजू उठून आतल्या खोलीत जाऊन बसली. तेव्हाच हे सारे सांगायला हवे होते. मला राग आला. आपली चूक असली की आपल्यालाच आधी राग येतो. पुढे तू शिवण शिकलीस, तेही बनाबाईंकडून. हात फार सफाईदार आहे तुझा. संस्कृतीचे ब्लाउज मी उलटे करून बघते, तुझे लक्ष नसते तेव्हा.

५. मला लग्नातली पांढरी साडी नेसवून पुरावे. साडी चांगली आहे. त्यावरचा ब्लाउज आता दंडातसुद्धा चढत नाही. नवा ब्लाउज वैजयंतीने शिवावा, अशी माझी इच्छा आहे. हे देणे नाही, मागणे आहे, तेव्हा तिला नाकारायचे तर नव्याने नाकारावे लागेल. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात आणि ब्लाउज त्याआधी लागतो, म्हणून कलम ४ व ५ ची नक्कल तिला आजच पोस्टाने पाठवत आहे. मी माप पाठवत नाही. तिने तो अंदाजाने शिवावा. ढगळ झाला तर मला नेसवणाऱ्या बायकांनी टाचण्या लावून तो नीट करू नये. जसा असेल तसा मी घालीन.

एवढे लिहून वाचून पाहिले. बरोबर आहे.

सोलापूर, दि. १८ नोव्हेंबर २०२५
सही: कृपाबाई जोतिराम कसबे

आमच्यासमोर सही केली, त्याचे साक्षीदार:
१. अजिनाथ येडू कांबळे, भवानी पेठ
२. पूनम दिग्विजय साळवे, भवानी पेठ

पुरवणी

वरील मृत्युपत्रात मी, कृपाबाई कसबे, एवढाच बदल करते. कलम ५ मधील "तिने तो अंदाजाने शिवावा" हे वाक्य रद्द समजावे.

काल रविवारी वैजयंती बार्शीच्या एसटीने आली. नाताळ नसताना आली. पर्स खुर्चीवर ठेवली, पर्समधून टेप काढली. "हात वर कर," म्हणाली. गुडघ्यांमुळे मला फार वेळ उभे राहवत नाही, पण राहिले. छाती, खांदा, दंड, सगळे दोनदोनदा मोजले. मग मशीनच्या खणातली वही स्वतः काढली, आठही पाने वाचली, आणि नवव्यावर लिहिले: "आई, वय ७७". वही सोबत घेऊन गेली आहे, म्हणून ती आता माझ्या मालमत्तेत धरू नये.

सोलापूर, दि. १ डिसेंबर २०२५
सही: कृपाबाई जोतिराम कसबे
साक्षीदार: तेच दोघे.