लाल रेषेवरचा ट्रक

च्यायी, ४ ऑगस्ट

प्रिय पेई-छुन,

बाबांचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो आणि तू "बरं बाबा" म्हणून फोन ठेवून देतेस. गेले दहा महिने तर तेवढंही झालेलं नाही. नववर्षाच्या जेवणाला ड्यूटी आहे म्हणून आईला कळवलंस, तरी तिने तुझी वाटी मांडलीच. मी ती उचलायला सांगितली नाही, एवढं तरी लक्षात घे.

माझ्या ट्रकला लागलेल्या त्या तीन दंडांबद्दल माझं म्हणणं अजून तेच आहे. आपल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लाल रेषा. चौथ्या मजल्यावरच्या लोकांना भाजी परतायला गॅस लागतो, तो काय खिडकीतून उडत जातो? वीस किलोचा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढायचा, रिकामा सोडवायचा, भरलेला जोडायचा, साबणाचं पाणी लावून गळती बघायची. तुमचा कायदा म्हणतो, पिवळ्या रेषेवर तीन मिनिटं थांबा आणि लाल रेषेवर मुळीच थांबू नका. तीन मिनिटांत मी दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत असतो. रेषा आखणाऱ्या साहेबाने एकदा सिलिंडर उचलून बघावा. माल उतरवायला वीतभर जागा ठेवायची नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याने मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून दंड लावायचा, याला अख्ख्या तैवानमध्ये वाहतुकीचं धोरण म्हणत असतील, तर मंत्री व्हायला मी काय वाईट आहे?

हो, ती रेषा मीच मागून घेतली होती. तुझी आई रोज ऐकवते, तू नको ऐकवूस. नऊ वर्षांपूर्वी लोक आपल्या गॅसच्या दुकानासमोर गाड्या लावून गायब व्हायचे, आपला ट्रक निघायचा नाही. मग मी वस्तीप्रमुख को बाईंच्या मागे लागलो, त्यांनी साहेब लोकांना पाहणीला बोलावलं, सगळ्यांनी कोपऱ्यावर उभं राहून बोटं दाखवली, मी सर्वांना थंड चहा पाजला आणि पंधरा दिवसांत रेषा आली. मला वाटलं होतं, लाल रेषा इतरांसाठी असते.

माझ्या ट्रकचे तिन्ही फोटो वाहतूक पोलिसांच्या कक्षात तुझ्याच टेबलावर आले होते, हे मला गेल्या वर्षी शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला कळलं. दुकानासमोर आपण कोळशावर मांस भाजत होतो. तू शांतपणे म्हणालीस, "बाबा, तिसरा फोटो एकदा नीट बघा." मी चिमटा आपटला आणि सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बापाला दंड लावणारी पोरगी मला नको." तू हात धुतलेस आणि निघून गेलीस. फोटो पाठवल्याचा आळ मी समोरच्या धोबी श्याओवर घेतला आणि सहा महिने त्याला गॅस दिला नाही. नंतर कळलं, त्याच्या मोबाइलचा कॅमेरा केव्हाचा फुटलेला आहे. आता त्याचा सिलिंडर मी सगळ्यांच्या आधी पोचवतो, तरी तो माझ्याकडे बघून मिशीत हसतो.

एप्रिलच्या शेवटी को बाईंनी पुन्हा पाहणी बोलावली. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. बांधकाम खात्याच्या तरुण साहेबाने फाइल उघडून पोलिसांच्या कक्षाचं टिपण वाचलं. वर्षभरात आपल्या रस्त्यावर दंड झालेल्या गाड्या बहुतेक मालाच्या आहेत, त्यांना माल उतरवायला जागाच नाही, दंड वाढवून हे थांबणार नाही, सकाळी दोन तास माल उतरवण्यासाठी एक चौकट आखून द्यावी. खाली तुझी सही. मी जे वर्षानुवर्षं चहाच्या दुकानात बसून ओरडत होतो, ते तू एका पानात लिहिलं होतंस, तेही न ओरडता. मला इतका अभिमान वाटला की काय करावं सुचेना. शेवटी त्या साहेबालाच दोनदा चहा पाजला. चौकट आखली गेली, तीन महिन्यांच्या चाचणीवर. आता सकाळी मी, बर्फवाला आणि भाजीवाला पाळीपाळीने तिथे थांबतो. भांडणं होतात, पण दंड एकालाही झालेला नाही.

पुरावा म्हणून त्या फाइलीत माझेही तिन्ही फोटो लावले होते. तिसरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. तोवर मी फक्त माझी नंबरप्लेट बघत आलो होतो. माझ्या ट्रकला वळसा घालून एक म्हातारी स्कूटरवर रस्त्याच्या मधोमध आली आहे. मागे पिवळ्या टोपीतली शाळकरी मुलगी, तिने आजीची कंबर घट्ट धरली आहे. समोरून बस. बसवाल्याने ब्रेक दाबला म्हणून त्या दोघी वाचल्या असणार. मी तेव्हा चौथ्या मजल्यावर साबणाचं पाणी लावत होतो. मला काही पत्ताच नव्हता. तू मात्र तो फोटो टेबलावर घेऊन बसली होतीस, आणि त्या ट्रकवर आपल्या दुकानाचं नाव होतं. तेव्हापासून कितीदा फोन उचलला आणि ठेवला. मला लाज वाटत होती, पेई-छुन.

येत्या गुरुवारी दहा वाजता चौकट ठेवायची की पुसायची ते ठरवायला बैठक आहे. चालकांतर्फे बोलायला को बाईंनी मला उभं केलंय, कारण म्हणे माझा आवाज मोठा आहे. टेबलाच्या पलीकडे तू असशील. चौकट कायम ठेवा असं मी सांगणार आहे, आणि जागा न देता दंड लावणाऱ्यांना दोन शब्द सुनावणारही आहे. पण त्याआधी तो फोटो सगळ्यांसमोर ठेवून सांगणार आहे की हा ट्रक माझा, आणि हा दंड लावणाऱ्या बाईंनी बरोबर केलं. हे तू परक्या लोकांत बसून पहिल्यांदा ऐकावंस, असं मला नको होतं. म्हणून हे पत्र. मी चुकलो, बाळा. बैठक संपल्यावर ऑफिसात परत जाऊ नकोस, अर्ध्या दिवसाची रजा टाक. मी खाली ट्रक घेऊन थांबतो. माझ्या शेजारी बस, आपण घरी जेवायला जाऊ.

तुझाच,
बाबा